दम्याचं कोणतं औषध कशासाठी?

कोजागरीच्या रात्री महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध दिलं जातं. लोक लांबून येतात, रांगेत बसतात, रात्र जागवतात. त्याच पौर्णिमेला कोलकात्यात घरोघर लक्ष्मीपूजा असते, उंबऱ्यावर तांदळाच्या पिठाची आलपना असते. दुर्गापूजेत धुनुचीतून उठलेला राळ-धुपाचा धूर नुकताच विरलेला असतो आणि पंधरा दिवसांवर कालीपूजेचे फटाके आलेले असतात. मग थंडी पडते. वारा मंदावतो, गाड्यांचा, चुलींचा आणि कचरा जाळल्याचा धूर जमिनीलगत कोंडून राहतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या शहराची हवा वर्षातली सर्वात वाईट असते. घरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर माकडटोपी चढते. टोपीने कान झाकले जातात, श्वासनलिका मात्र उघड्याच राहतात.

याच दिवसांत इथल्या औषधांच्या दुकानात एक वाक्य वारंवार ऐकू येतं. ‘‘दादा, ओई नील इनहेलारटा दिन तो.’’ दादा, तो निळा इनहेलर द्या. पुण्यात, नागपुरात, ठाण्यात हेच वाक्य मराठीत ऐकू येतं, फक्त तिथे त्याला बहुतेक जण ‘पंप’ म्हणतात. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. निळा पंप पिशवीत जातो आणि माणूस घरी जातो.

या साध्या व्यवहारात एक धोका लपलेला आहे. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आपला दमा काही वेगळ्या जातीचा नाही. निदान उशिरा होतं, आणि झालं तरी रोज घ्यायचं औषध बाजूला राहून फक्त तात्पुरत्या आरामाचं औषध घेतलं जातं, हे त्यामागचं मोठं कारण आहे. म्हणून कोणतं औषध काय करतं, हे घरातल्या एका तरी माणसाला नीट माहीत हवं.

आत नेमकं काय होतं

दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी घडतात. एक, नळ्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात. दुसरी, नळ्यांचं आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साठतो. आवळणं अचानक होतं, म्हणून ते जाणवतं: छाती भरून येते, शिट्टीसारखा आवाज येतो, बोलताना धाप लागते. सूज मात्र बऱ्या दिवसांतही आत गुपचूप असते.

दम्याची जवळजवळ सगळी औषधं या दोहोंपैकी एका कामासाठी आहेत. आवळलेला स्नायू सैल करणारी ती आराम देणारी औषधं. सूज उतरवणारी ती दमा आटोक्यात ठेवणारी औषधं. एवढा एक फरक लक्षात राहिला तरी डॉक्टरांची चिठ्ठी अर्धी समजते.

निळा पंप: झटपट आराम, पण तेवढाच

सालब्युटामॉल आणि त्याचं भावंड लेव्होसालब्युटामॉल ही आपल्याकडची सर्वात ओळखीची औषधं. अस्थालिन, लेव्होलिन ही नावं बहुतेक दमेकऱ्यांच्या घरात असतात. पंप ओढला की काही मिनिटांत छाती मोकळी होते आणि परिणाम चार ते सहा तास टिकतो. हात थरथरणं, छातीत धडधड होणं हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम, बहुधा थोड्या वेळात जाणारे.

या औषधाचा सूज उतरवण्याशी काही संबंध नाही. छप्पर गळत असताना खाली बादली ठेवावी, तसं ते आहे. बादली हवीच, पण छप्पर कधी दुरुस्त करणार? उलट, फक्त हाच पंप वारंवार वापरत राहिलं तर त्याचा असर कमी होत जातो आणि झटक्यांचा धोका वाढतो. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक डबे वर्षभरात संपत असतील तर मोठा झटका येण्याची शक्यता वाढलेली असते. बारा डबे, म्हणजे महिन्याला एक, संपत असेल तर जिवाचाच धोका वाढतो. त्यामुळे ‘मला रोज दोनदाच पंप लागतो, बाकी काही त्रास नाही’ असं कुणी म्हणालं, तर ती चांगली बातमी नाही.

दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘गिना’ या संस्थेने २०१९ साली आपला जुना सल्ला बदलला, तो याच कारणाने. दमा सौम्य असला तरी मोठ्या माणसांनी आणि १२ वर्षांपुढच्या मुलांनी नुसत्या सालब्युटामॉलवर राहू नये, सोबत सूज उतरवणारं श्वासावाटे घ्यायचं औषध असायलाच हवं, असं आता सांगितलं जातं. पन्नास वर्षांची सवय त्यांनी मोडायला सांगितली. आपल्याकडच्या दुकानांपर्यंत ती बातमी अजून पुरती पोहोचलेली दिसत नाही.

‘स्टेरॉइड’ या शब्दाची भीती

सूज उतरवणारं मुख्य औषध म्हणजे श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड. ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही त्यातली नावं. इथेच घराघरांत गाडी अडते. ‘स्टेरॉइड नको गं बाई, हाडं ठिसूळ होतात, पोराची वाढ खुंटते.’ कोलकात्यातल्या काकीमा आणि साताऱ्यातल्या काकू याबाबतीत अगदी एकमताने बोलतात.

मात्रेचा हिशेब मांडून बघा. इनहेलरमधून ब्युडेसोनाइड घेतात ते साधारण २०० मायक्रोग्रॅम, एका वेळेला. झटका आल्यावर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या जातात त्या दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी असल्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही, पण फरकाचा अंदाज येतो. शिवाय गोळी पोटातून रक्तात आणि सगळ्या अंगात जाते, पंपातलं औषध मुख्यतः फुप्फुसात उतरतं. इनहेलर टाळणाऱ्याला वर्षात दोन-तीनदा झटका येतो आणि प्रत्येक वेळी गोळ्या घ्याव्या लागतात. ज्या स्टेरॉइडला भ्यायचं, तेच त्याच्या पोटात कितीतरी जास्त जातं.

दुष्परिणाम नाहीत असं नाही. आवाज बसतो, तोंडात पांढरा बुरशीचा थर येऊ शकतो. म्हणून औषध घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचं. मुलांच्या उंचीवर परिणाम होतो तो थोडा: वर्षानुवर्षं औषध घेतलेल्या मुलांची अंतिम उंची सरासरी सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरल्याचं आढळलं आहे. दमा आटोक्यात नसलेलं मूल नीट झोपत नाही, खेळत नाही, शाळा बुडवतं. त्या पारड्यात एक सेंटिमीटर ठेवून पाहावा.

या औषधाचा दुसरा शत्रू म्हणजे बरं वाटणं. परिणाम दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या चार दिवसांत ‘याने काहीच होत नाही’ म्हणून ते बंद होतं. आणि महिन्याने छान वाटू लागलं की ‘आता कशाला’ म्हणून बंद होतं. त्याची सवय लागते ही समजूतही इथूनच आली असावी: बंद केलं की त्रास परत येतो, म्हणजे सवय लागली. चष्मा काढला की धूसर दिसतं, याला आपण चष्म्याचं व्यसन म्हणत नाही.

दोन औषधं एकाच पंपात

फॉर्मोटेरॉल आणि साल्मेटेरॉल ही लांब पल्ल्याची, साधारण १२ तास स्नायू सैल ठेवणारी औषधं. दम्यात ती एकटी कधीच घ्यायची नाहीत, नेहमी स्टेरॉइडसोबत. म्हणून ती एकाच पंपात मिळतात: ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल किंवा फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉल. फोराकॉर्ट, सेरोफ्लो ही त्यांची आपल्याकडची परिचित नावं.

दोन्ही जोडपी सारखी वाटली तरी त्यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करतं, साल्मेटेरॉल सावकाश. म्हणून ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजच्यासाठीही आणि त्रास झाल्यावरही वापरायला आता अनेक डॉक्टर सांगतात. बादली ठेवता ठेवता छपराचंही काम होतं. साल्मेटेरॉलच्या पंपाचा असा वापर करायचा नाही. तुमच्या हातातला पंप यातला कोणता, हे वरचं ब्रँडचं नाव वाचून नव्हे, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचून ठरवा. रंगावर तर मुळीच जाऊ नका. निळा म्हणजे आरामाचा, तपकिरी म्हणजे रोजचा, ही रूढी आहे, नियम नव्हे. कंपन्या आपापले रंग वापरतात.

चहाचं पान, धोतरा आणि अडुळसा

आता थोडं आडवाटेने जाऊ, कारण दम्याच्या औषधांचा इतिहास आपल्या परसात आणि कोलकात्याच्या गल्ल्यांत येऊन पोहोचतो.

डेरिफायलीनची छोटी गोळी आठवते? पूर्वी एस.टी.च्या प्रवासातसुद्धा लोक ती खिशात बाळगत. तिच्यातलं थिओफायलीन हे द्रव्य जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेश्ट कोसेल यांनी १८८८ साली चहाच्या पानांतून वेगळं केलं. कोलकात्यात तेव्हा चहाचे लिलाव सुरू होऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. कडक कॉफीने दमेकऱ्याला बरं वाटतं, हे हेन्री सॉल्टर या इंग्रज डॉक्टरांनी १८६० मध्येच लिहून ठेवलं होतं. कॅफिन आणि थिओफायलीन एकाच कुळातले. याचा अर्थ चहा पिऊन दमा जातो असा नाही. कपभर चहातलं थिओफायलीन औषधाच्या मानाने नगण्य असतं. आणि औषध म्हणून ते नाजूक आहे: उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी. मळमळ, धडधड, जास्त झालं तर झटकेसुद्धा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत सुरू झालं तर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून ती गोळी आता मागे पडली आहे. स्वस्त म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नये.

धोतऱ्याची गोष्ट आणखी जुनी. त्याची सुकी पानं ओढायची पद्धत भारतात होती. १८०२ च्या सुमारास ती मद्रासहून इंग्लंडला गेली आणि पुढे शंभर वर्षं युरोपात ‘दम्याच्या सिगारेटी’ विकल्या गेल्या. धोतरा विषारीच, तो घरी करून पाहायचा प्रकार नव्हे. पण त्याच्यातल्या अॅट्रोपीनवरून पुढे इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही सुरक्षित औषधं घडली. इप्राट्रोपियम मोठ्या झटक्यात सालब्युटामॉलच्या जोडीला देतात, टायोट्रोपियम हे दमा दोन औषधांना दाद देत नसेल तेव्हाचं तिसरं.

चीनमध्ये इफेड्रा या झुडपाचा वापर शतकानुशतकं होता. १९२० च्या दशकात इफेड्रीन जगभर दम्यासाठी दिलं जाऊ लागलं, तेव्हा भारतात वाढणाऱ्या इफेड्राचा अभ्यास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये झाला. सेंट्रल अॅव्हेन्यूवरची ती इमारत आजही आहे. तिथले औषधशास्त्राचे प्राध्यापक रामनाथ चोप्रा यांनी देशी वनस्पतींना प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहण्याचा पायंडा पाडला. इफेड्रीनने हृदयावर ताण यायचा. फुप्फुसापुरतंच काम करणारं औषध हवं, या शोधातून १९६९ मध्ये सालब्युटामॉल बाजारात आलं.

आणि अडुळसा, बंगालीत बासक. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी उभ्या केलेल्या बेंगॉल केमिकल्सच्या सुरुवातीच्या औषधांत बासकाचं सरबत होतं. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्झिन तयार झालं, जे आजही खोकल्याच्या अनेक औषधांत असतं. ते कफ पातळ करतं. दम्याची सूज ते उतरवत नाही, त्यामुळे खोकल्याची बाटली इनहेलरच्या जागी चालत नाही.

हैदराबादला जूनमध्ये जिवंत माशातून दिलं जाणारं औषध असो, कोजागरीची खीर असो वा कोलकात्यातली दीडशे वर्षांची होमिओपॅथीची परंपरा असो, यांपैकी कशानेही दमा आटोक्यात राहतो असा पक्का पुरावा नाही. श्रद्धेने खीर घ्यायची तर घ्या. त्या भरवशावर इनहेलर बंद करू नका, एवढंच.

गोळ्या आणि सुया

मॉन्टेलुकास्ट ही संध्याकाळी घ्यायची गोळी आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, बहुधा ती ‘पंप’ नाही म्हणून. शिंका, नाक गळणं आणि दमा एकत्र असेल तर ती उपयोगी पडते, पण श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडइतकी ती प्रभावी नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी तिच्यावर सर्वात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला: काही जणांत चिडचिड, भयानक स्वप्नं, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. गोळी सुरू केल्यावर मूल अचानक रात्री दचकून उठू लागलं किंवा विचित्र वागू लागलं, तर ते परीक्षेचं टेन्शन समजून सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मोठ्या झटक्यात पाच-सात दिवस दिल्या जातात आणि तेव्हा त्या जीव वाचवतात. घरात उरलेली पट्टी बघून पुन्हा पुन्हा घेण्याची सवय मात्र घातक. साखर वाढते, हाडं झिजतात, मोतीबिंदू लवकर येतो.

ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब ही इंजेक्शनं दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायची असतात. सगळे उपाय नीट करूनही दमा तीव्रच राहतो, अशा थोड्या रुग्णांसाठी ती आहेत. महाग आहेत. तिथवर जाण्याआधी चांगला डॉक्टर एक गोष्ट नक्की करतो: रुग्णाला आपला पंप समोर ओढून दाखवायला सांगतो.

ओढण्यातच सगळं आहे

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारलं, माझं औषध स्प्रेच्या डब्यात का नाही मिळत? पुढच्याच वर्षी मोजका फवारा देणारा पहिला पंप बाजारात आला. भारतात असे पंप मुंबईच्या सिप्लाने १९७६ मध्ये आणले. इतक्या वर्षांनंतरही तो चुकीचा ओढणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू आणि खोल श्वास घेत घेत दाबायचं, आणि दहापर्यंत मोजत श्वास रोखायचा. हळू हा शब्द महत्त्वाचा. पावडरीच्या यंत्रात नेमकं उलटं: जोरात आणि खोल ओढायचं, नाहीतर पावडर आत जात नाही. एकाच घरात दोन्ही प्रकार असले की गोंधळ होतो. पावडरीची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे आजोबाही असतात. ती यंत्रात घालून ओढायची असते.

फवारा दाबणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नसेल तर स्पेसर घ्या, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली प्लास्टिकची नळकांडी. लहान मुलांसाठी मास्कचा स्पेसर मिळतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसल्याने त्यावर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेला पंप नेब्युलायझरइतकाच काम करतो. ‘मशीन लावलं’ म्हणजे भारी उपचार झाले, हा समज खर्चिक आहे.

आता स्वतःला चार प्रश्न विचारा. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनहून जास्त वेळा त्रास झाला का? दम्याने रात्री जाग आली का? आरामाचा पंप आठवड्यातून दोनहून जास्त वेळा लागला का? जिना चढणं, खेळणं, कामं करणं टाळावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर दमा पूर्ण आटोक्यात नाही. डॉक्टरांकडे जाताना सगळे पंप पिशवीत घालून न्या. गरोदर असाल तरी इनहेलर स्वतःहून थांबवू नका. आईला श्वास कमी पडणं बाळाला औषधापेक्षा जास्त घातक असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, काचबिंदूचे काही थेंब आणि काही जणांना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दमा उसळवतात, म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरला दमा आहे हे आधी सांगा.

झटक्यात माणसाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तो गुंगत असेल किंवा आधी येणारा शिट्टीचा आवाज एकदम थांबून छाती शांत झाली असेल, तर थेट रुग्णालय गाठा. शांत छाती म्हणजे बरं वाटणं नव्हे, आत हवाच जात नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो. वाटेत स्पेसरमधून आरामाचा पंप देत राहा.

खर्चाचं म्हणाल तर सालब्युटामॉल, ब्युडेसोनाइड आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जनऔषधी केंद्रात विचारा. कोलकात्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०१२ पासून ‘न्याय्य मूल्या’ची औषध दुकानं आहेत, तिथे छापील किमतीवर मोठी सूट मिळते. आणि घरी संध्याकाळी डासांसाठी गुंडाळी लावत असाल तर ती आधी विझवा: एका गुंडाळीतून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचं २००३ मधल्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी स्वस्त पडते. कोलकात्यात तर ती अजूनही घरोघरी रोज रात्री बांधली जाते.